पटावर ठरणारे अनुदान

जिल्हा परिषदेच्या दोन शिक्षकी शाळेत संयुक्त शाळा अनुदानाचा पैसा कसा येतो आणि कसा जातो, हे एकदा किर्द उघडून पाहण्यासारखे आहे. रक्कम पटावर ठरते आणि पट यू-डायस या शाळांच्या सरकारी माहिती प्रणालीवरून घेतला जातो. समग्र शिक्षा योजनेच्या 2021 नंतरच्या दरांनुसार 30 पर्यंत पट असेल तर वर्षाला 10 हजार रुपये, 100 पर्यंत 25 हजार, 250 पर्यंत 50 हजार, 1000 पर्यंत 75 हजार आणि त्यापुढे 1 लाख. त्यातले किमान दहा टक्के स्वच्छतेवर खर्चायचे. पुढे शाळा व्यवस्थापन समितीची सभा, ठराव, कोटेशन, पीएफएमएस या सरकारी देयक प्रणालीवरून दुकानदाराच्या खात्यात रक्कम, व्हाउचर, किर्दीत नोंद, साठा नोंदवहीत नोंद आणि सरतेशेवटी उपयोगिता प्रमाणपत्र. खडूचे खोके आणि फिनाइल घ्यायचे असले तरी यातले काही टळत नाही. शाळा जूनमध्ये उघडते. पैसा अनेकदा हप्त्याहप्त्याने, वर्ष बरेच सरल्यावर येतो. मग जूनमधले झाडू-हजेरीपत्रक गुरुजींच्या खिशातून आणि मार्चमध्ये निधी परत जाऊ नये म्हणून पळापळ, असा हा शिरस्ता.

आता 10 हजारांचे गणित मांडू. हजार रुपये स्वच्छतेचे बाजूला काढले की उरले 9 हजार, म्हणजे महिन्याला 750. त्यात वीजबिल, खडू, रजिस्टरे, प्रिंटरची शाई, नळाची तोटी, खिडकीचे दार, आणि जमले तर एखाद्या भिंतीला रंग. 2018 मध्ये योजना सुरू झाली तेव्हा 16 पासून 100 पर्यंत पट असलेल्या शाळेला 25 हजार मिळत. 2021 मध्ये टप्पे बदलले आणि 16 ते 30 पटाच्या शाळा एका फटक्यात 10 हजारांवर आल्या. छप्पर तेच, खोल्या त्याच, बिल तेच. या शाळा कुठे आहेत? बहुतेक पाड्यांवर, तांड्यांवर, डोंगरातल्या वाड्यांवर. ज्यांना ऐपत आहे त्यांची मुले तालुक्याच्या इंग्रजी शाळेच्या गाडीत केव्हाच बसली आहेत. म्हणजे जिथे गरिबांची मुले सर्वांत दाट, तिथेच अनुदान सर्वांत तुटपुंजे, आणि ते ठरवणाऱ्या सूत्रात गरिबी हा रकानाच नाही. माझा आक्षेप आकड्याइतकाच या सूत्रावर आहे.

यावर हिशेबी माणूस म्हणेल, दर मुलामागे पाहा: 30 मुलांच्या शाळेत माणशी 333 रुपये पडतात, हजारांच्या शाळेत अवघे 75, मग अन्याय कुणावर? गणित बरोबर आहे, पण पत्रे गळतात ते मुले मोजून गळत नाहीत. इमारतीचा खर्च पटाने भागत नाही. दुसरा उपाय सुचवला जातो तो अशा शाळा मिटवून समूह शाळा करण्याचा. राज्यात 20 किंवा त्याहून कमी पटाच्या सुमारे 15 हजार शाळा आणि त्यांत 1 लाख 85 हजारांच्या आसपास मुले आहेत, हा आकडा 2023 मध्ये बराच गाजला. पण पहिली ते पाचवीच्या मुलाला घरापासून एक किलोमीटरच्या आत शाळा मिळावी, असे शिक्षण हक्काचे नियम सांगतात. ओढ्यापलीकडच्या शाळेत सात वर्षांची पोर पावसाळ्यात कशी जाईल, हे समूह शाळेच्या हिशेबात बसत नाही. तिसरे उत्तर लोकवर्गणीचे. लोकसहभागातून उभ्या राहिलेल्या देखण्या शाळा महाराष्ट्रात आहेत आणि त्यांचे कौतुक झालेच पाहिजे. मात्र वर्गणी जमते ती जमिनीला भाव असलेल्या किंवा कारखाना शेजारी असलेल्या गावात. दिवाळी झाली की निम्मे गाव ऊसतोडीला जाते, तिथे वर्गणी मागायची कुणाकडे?

गरिबी मोजणार कशी, हा प्रश्न तर मुळीच अवघड नाही. याच समग्र शिक्षा योजनेत गणवेशाचे 600 रुपये देताना सगळ्या मुली आणि मुलांमध्ये अनुसूचित जाती, जमाती व दारिद्र्यरेषेखालची मुले अशी निवड केंद्राने केली आहे. म्हणजे गणवेश शिवताना जी यादी चालते, ती शाळेचे अनुदान ठरवताना कपाटात जाते. इंग्लंडने 2011 मध्ये नेमका हाच रस्ता धरला: शाळेत मोफत जेवणाला पात्र मुले जितकी, तितकी जादा रक्कम शाळेला. तिथेही त्याचा सगळा फायदा झाला असा दावा कुणी करू नये. पैसा कशावर खर्च होतो यावर बरेच अवलंबून असते. पण किमान तिथे गरीब मूल शाळेच्या अंदाजपत्रकात दिसते. आपल्याकडे पटाचे टप्पे ठेवून त्यावर दारिद्र्यरेषेखालच्या प्रत्येक मुलामागे ठरावीक रक्कम वाढवावी आणि ती जूनपूर्वी खात्यावर घालावी, एवढीच मागणी आहे. केंद्र 60 आणि राज्य 40 टक्के अशी या योजनेची वाटणी आहे. आपल्या तिजोरीतून त्यावर भर घालायला राज्याला दिल्लीची वाट पाहावी लागत नाही.