जहाल परराष्ट्रनीति आणि जुन्नर-आंबेगांवचा मतदार

जुन्नरच्या पश्चिमेस सह्याद्रीच्या कड्यांत नाणेघाट आहे. सातवाहनांच्या काळीं देशावरचा माल ह्या घाटानें कोंकणांत उतरत असे आणि कल्याण, सोपारा ह्या बंदरांतून गलबतें तो तांबड्या समुद्राकडे नेत असत. जुन्नरच्या लेण्यांत तीन यवन दात्यांचे लेख आहेत. पश्चिमेकडचे परदेशस्थ ह्या नगराच्या धर्मकार्याला हातभार लावीत होते, याची ती साक्ष होय. समुद्रापलीकडचें जग जुन्नरला तेव्हांही परकें नव्हतें.

आज त्याच तांबड्या समुद्राच्या उत्तरेस एका लहानशा भूमीवरून इस्रायल आणि पॅलेस्टाईन यांचा कलह चालला आहे. निवडणूक जवळ आली म्हणजे तो व्यासपीठावरही चढतो. नारायणगांव किंवा मंचर येथील सभेंत एखादा उमेदवार त्या कलहाविषयीं जहाल भाषा बोलूं लागला, तर श्रोत्यानें त्या भाषेचें वजन कोणत्या तराजूंत करावें?

जहाल आणि मवाळ हे शब्द महाराष्ट्राला टिळक-गोखल्यांच्या काळापासून परिचित आहेत. तेव्हां भेद होता तो परकी सत्तेशीं झगडण्याच्या मार्गांचा. परराष्ट्रनीतींत जहाल म्हणजे वाटाघाटींपेक्षां बळावर अधिक विश्वास ठेवणारा, दोन पक्षांपैकीं एकाचीच बाजू निःशंकपणें उचलून धरणारा आणि संयमाला दुबळेपणा समजणारा. ही भूमिका केवळ अविचाराचीच असते, असें म्हणणें न्यायाचें होणार नाहीं. आक्रमकाला कधीं कधीं बळानेंच आवरावें लागतें. परंतु ती भूमिका सभेंत मांडणें आणि राज्यकारभारांत चालविणें ह्या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत.

२९ नोव्हेंबर १९४७ रोजीं संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनें पॅलेस्टाईनच्या फाळणीचा ठराव ३३ विरुद्ध १३ मतांनीं संमत केला. दहा राष्ट्रें तटस्थ राहिलीं. स्वतःच्या फाळणीची जखम ताजी असलेल्या हिंदुस्थानानें ठरावाविरुद्ध मत दिलें. अरब आणि ज्यू यांचें एक संघराज्य असावें, अशी त्याची सूचना होती. वि. दा. सावरकर यांनीं १९ डिसेंबर १९४७ रोजीं पत्रक काढून ज्यू राष्ट्राच्या कल्पनेचें स्वागत केलें आणि सरकारच्या ह्या मताबद्दल खेद प्रकट केला. महात्मा गांधींनीं १९३८ सालीं 'हरिजन' पत्रांत वेगळा विचार मांडला होता: ज्यूंच्या छळाबद्दल पूर्ण सहानुभूति, पण त्यांना अरबांवर लादणें अन्यायाचें. ह्या विषयावरील वादाचीं दोन्ही टोकें तेव्हांच स्पष्ट झालेलीं होतीं.

सावरकरांच्या हातीं सत्ता नव्हती. त्यामुळें त्यांच्या भूमिकेला कारभाराची कसोटी लागली नाहीं. तशी कसोटी लागली तीस वर्षांनीं. इस्रायलशीं पूर्ण राजनैतिक संबंध जोडावे, असा भारतीय जनसंघाचा आग्रह असे. १९७७ सालीं जनता पक्ष विजयी झाला आणि जनसंघाचे नेते अटलबिहारी वाजपेयी परराष्ट्रमंत्री झाले. आतां धोरण पालटणार, असें अनेकांस वाटलें. परंतु दिल्लीच्या विजयसभेंत वाजपेयींनीं, इस्रायलनें अरबांची व्यापलेली जमीन सोडली पाहिजे, असें जाहीरपणें सांगितलें. त्याच वर्षीं ऑगस्टमध्यें इस्रायलचे परराष्ट्रमंत्री मोशे दायान गुप्तपणें भारतांत आले, पंतप्रधान मोरारजी देसाई आणि वाजपेयी यांस भेटले आणि पूर्ण संबंधांचें आश्वासन न मिळतांच परतले.

माणूस तोच असतां फरक कशानें पडला? जबाबदारीनें. १९७३ च्या अरब-इस्रायल युद्धानंतर खनिज तेलाचा भाव कांहीं महिन्यांतच सुमारें चौपट झाला होता. भारताला लागणारें तेल मुख्यतः पश्चिम आशियांतून येई. भारतीय कामगार पोटासाठीं आखाताकडे जाऊं लागले होते. आणि काश्मीरच्या प्रश्नावर अरब राष्ट्रांना दुखविणें परवडणारें नव्हतें. विरोधी बाकांवरून ह्या गोष्टी दिसत नाहींत असें नव्हे. पण त्यांची किंमत तेथें बसणाऱ्यास चुकती करावी लागत नाहीं.

उलट दिशेनेंही असेंच घडलें. ज्या काँग्रेसनें चार दशकें इस्रायलपासून अंतर राखलें, तिच्याच नरसिंह राव सरकारनें २९ जानेवारी १९९२ रोजीं पूर्ण संबंध जाहीर केले. सोव्हिएट संघ कोसळला होता आणि माद्रिद येथें अरब प्रतिनिधि स्वतःच इस्रायलसमोर बोलणीं करावयास बसले होते. त्या मंत्रिमंडळांत संरक्षणखातें शरद पवार यांजकडे होतें. पुढें २०१७ सालीं नरेंद्र मोदी हे इस्रायलला भेट देणारे पहिले भारतीय पंतप्रधान ठरले. दुसऱ्याच वर्षीं ते पॅलेस्टाईनमधील रामल्ला येथेंही गेले.

७ ऑक्टोबर २०२३ रोजीं हमासच्या हल्ल्यांत इस्रायलमध्यें सुमारें १२०० माणसें मारलीं गेलीं. त्यानंतरच्या युद्धांत गाझांतील मृतांची संख्या तेथील आरोग्यखात्याच्या गणनेप्रमाणें साठ हजारांच्या पलीकडे गेली. त्या ऑक्टोबरांतच पवार यांनीं, ती भूमि पॅलेस्टाईनची आहे, असें सांगून मोदींच्या भूमिकेवर टीका केली. पीयूष गोयल आणि देवेंद्र फडणवीस यांनीं तिला कडक उत्तर दिलें. लोकसभेची निवडणूक कांहीं महिन्यांवर आली होती. व्यासपीठावर अशीं दोन टोकें दिसत असतां सरकार मात्र आमसभेंत २७ ऑक्टोबरच्या ठरावावर तटस्थ राहिलें आणि १२ डिसेंबरच्या युद्धबंदीच्या ठरावाला त्यानें अनुकूल मत दिलें.

जुन्नर-आंबेगांवच्या शिवारापर्यंत हा कलह येतो तो भाषणांपेक्षां बाजारभावांतून. नोव्हेंबर २०२३ पासून येमेनमधील हूथी तांबड्या समुद्रांतील जहाजांवर हल्ले करूं लागले. युरोपास जाणारीं अनेक जहाजें सुवेझ सोडून आफ्रिकेला वळसा घालूं लागलीं. प्रवास सुमारें दोन आठवड्यांनीं लांबला आणि भाडें चढलें. द्राक्षासारख्या नाशवंत फळाला ते दोन आठवडे फार जड असतात, हें जुन्नरच्या बागायतदाराला सांगावयास नको. त्यांतच देशांतील भाव आवरण्यासाठीं केंद्रानें ८ डिसेंबर २०२३ पासून ४ मे २०२४ पर्यंत कांद्याची निर्यात बंद ठेवली. ज्या शिरूर मतदारसंघांत हे दोन्ही तालुके येतात, तेथें १३ मे रोजीं मतदान झालें.

ह्या मतदारसंघाचा प्रतिनिधि पॅलेस्टाईनविषयीं काय करूं शकतो, हेंही पाहिलें पाहिजे. राज्यघटनेच्या सातव्या परिशिष्टाप्रमाणें परराष्ट्रव्यवहार हा संघसूचींतील विषय आहे. तो चालविण्याचा अधिकार केंद्रीय मंत्रिमंडळाचा. तह करण्यापूर्वीं संसदेची अनुमति घेण्याचें बंधन सरकारवर नाहीं. खासदाराला प्रश्न विचारतां येतात, चर्चेंत बोलतां येतें, परराष्ट्रव्यवहारांच्या स्थायी समितींत बसतां येतें आणि अविश्वासाच्या ठरावावर मत देतां येतें. हें सामर्थ्य लहान नाहीं. पण तें जाब विचारण्याचें सामर्थ्य आहे, युद्ध किंवा तह करण्याचें नव्हे. आमदारकीच्या उमेदवाराला तर तेवढेंही साधन नाहीं.

म्हणून सभेंत बसलेल्या मतदारानें तीन प्रश्न मनाशीं धरावे. बोलणारा ज्या पदासाठीं उभा आहे, त्या पदाला ह्या विषयाचा अधिकार किती? त्याची भूमिका खरोखर अमलांत आली, तर तेल, निर्यात आणि परदेशांतील माणसें यांवर पडणारा बोजा कोण वाहणार? आणि त्याचा पक्ष सत्तेवर असतांना त्यानें प्रत्यक्ष काय केलें? कोंकणांतून इस्रायलला गेलेल्या बेने इस्रायलांच्या कित्येक घरांत अजून मराठी बोलली जाते. आखातांतील अरब देशांतही मराठी माणसें नोकरीस आहेत. दोन्हीकडे ज्याचीं माणसें आहेत, त्या समाजाला परक्यांच्या मरणावर टाळ्या वाजविणें शोभत नाहीं आणि परवडतही नाहीं. उमेदवार जहाल असो वा मवाळ, ह्या तीन प्रश्नांना जो नीट उत्तर देईल, त्याचें बोलणें ऐकण्यासारखें आहे. जो त्यांना बगल देईल, त्याच्या शब्दांचा आवेश सभेबरोबरच संपतो, असें समजण्यास हरकत नाहीं.