श्वास आधी की हृदय? हैदराबादचा एक वैद्यकीय वाद

हृदयाची लय बिघडून माणूस अकस्मात का दगावतो, या प्रश्नाच्या इतिहासात आपल्या हैदराबादचे एक पान आहे, हे पुष्कळ वाचकांस ठाऊक नसेल.

१८४७ साली एडिंबरो येथे डॉ. सिम्सन यांनी क्लोरोफॉर्मचा वापर सुरू केला. शस्त्रक्रियेच्या यातना टळल्या. परंतु पुढच्याच वर्षी इंग्लंडात हॅना ग्रीनर नावाची १५ वर्षांची मुलगी, केवळ पायाचे नख काढावयाचे असता, क्षणार्धात गतप्राण झाली. अशा मृत्यूंत आधी काय थांबते, श्वास की हृदय, यावर वैद्यकजगतात दोन तट पडले.

हैदराबाद मेडिकल स्कूलचे प्रमुख डॉ. एडवर्ड लॉरी हे श्वासाच्या पक्षाचे. भूल देणाऱ्याने श्वासावर नजर ठेवावी, नाडीची चिंता करू नये, अशी त्यांची शिकवण होती. १८८८ मध्ये येथे पहिले क्लोरोफॉर्म कमिशन बसले. त्याच्या निष्कर्षांविषयी ‘लॅन्सेट’ने शंका घेताच सहावे निजाम मीर महबूब अली खान यांनी १,००० पौंड दिले आणि १८८९ मध्ये लंडनहून डॉ. लॉडर ब्रंटन येथे आले. शेकडो प्राण्यांवर प्रयोग झाले. निर्णय तोच: आधी श्वास थांबतो, हृदय मागाहून.

त्याच वर्षी ॲबर्डीनचे मॅकविल्यम यांनी निराळा विचार मांडला. हृदयाचे तंतू एकजुटीने आकुंचन न पावता विस्कळीतपणे थरथरू लागले, तर रक्त पुढे सरकतच नाही व अकस्मात मृत्यू येतो. १९११ साली लेव्ही यांनी मांजरांवर दाखवून दिले की, क्लोरोफॉर्मची भूल हलकी असता ॲड्रिनॅलिन टोचले, तर हीच घातक थरथर सुरू होते. भयभीत रोग्याच्या शरीरात हे द्रव्य आपोआपच स्रवते!

मग हैदराबादचे प्रयोग खोटे होते काय? नव्हे. क्लोरोफॉर्मची मात्रा अधिक झाली की श्वास बंद पडतो, हे खरेच होते. परंतु अर्ध्या भुलेतील घाबरलेल्या रोग्याचे मरण त्या प्रयोगांच्या कक्षेत आले नाही. आणि अपुऱ्या उत्तराला पूर्ण सत्य मानल्याने नाडीकडे दुर्लक्ष करण्याची शिकवण मात्र बळावली.

आज शस्त्रक्रियागृहात रोग्याच्या श्वासाबरोबरच हृदयाच्या आलेखावरही अखंड लक्ष असते. आपल्या आप्ताच्या छातीवर लावलेल्या त्या तारा पाहून कोणी बिचकू नये. श्वास आणि हृदय, दोहोंचीही राखण हवी, हे ज्ञान फार मोठे मोल देऊन मिळालेले आहे.