पुस्तक मिटा आणि आठवून पाहा

दहावीच्या मुलांची भूगोलाची पुस्तकं मी उघडून बघते तेव्हा निम्मी पानं हायलायटरने पिवळी झालेली असतात. मुलं कष्ट करतात, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. धडा तीन-तीनदा वाचलेला असतो. तरी वर्गात प्रश्न विचारला की उत्तर येतं, "मॅडम, वाचलंय, पण आत्ता आठवत नाही." घरचे म्हणतात, लक्षच नाही याचं, मोबाइल काढून घ्या. मला हे पटत नाही. तोच मजकूर पुन्हा वाचला की तो ओळखीचा वाटतो आणि आपल्याला येतंय असा भास होतो. परीक्षेत मात्र पुस्तक समोर नसतं.

या भासाचा पुरावा आहे. जेफ्री कार्पिकी आणि हेन्री रोडिगर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी २००८ साली 'सायन्स' या नियतकालिकात एक प्रयोग मांडला. कॉलेजच्या मुलांना स्वाहिली भाषेतले ४० शब्द अर्थासह शिकवले. शब्द एकदा बरोबर आला की काही मुलांनी पुढे तो नुसता वाचला, काहींना तो पुन्हा पुन्हा विचारला गेला. आठवड्याने परीक्षा घेतली. ज्यांना विचारत राहिले त्यांना सुमारे ८० टक्के शब्द आले. नुसतं वाचणाऱ्यांना ३६ टक्क्यांच्या आसपास. आणि आपल्याला किती येईल, असं आधी विचारलं होतं तेव्हा सगळ्याच गटांचा अंदाज जवळपास सारखा होता, निम्मे येतील असा. आपला अभ्यास कसा झालाय हे मुलांना स्वतःलाही कळत नाही, ते असं.

दुसरा प्रश्न, उजळणी कधी करायची? त्यासाठी आणखी मागे जायला हवं. हर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने अर्थ नसलेले सुमारे २३०० अक्षरगट तयार केले, ठरलेल्या लयीत वाचून त्यांच्या याद्या स्वतः पाठ केल्या आणि काही वेळाने तीच यादी पुन्हा पाठ करायला किती श्रम कमी लागतात ते मोजलं. १८८५ साली त्याने हे प्रसिद्ध केलं. एका तासाने ही बचत ४४ टक्के उरली होती, एका दिवसाने ३४, महिन्याने २१. म्हणजे घसरण सुरुवातीला जोरात होते आणि मग मंदावते. क्लासच्या जाहिरातींत यावरून 'माणूस दिवसात सत्तर टक्के विसरतो' असं छापतात, ते बरोबर नाही. ही आकडेवारी निरर्थक अक्षरांची आहे. बायरनच्या कवितेची कडवी पाठ करायला त्याच एबिंगहाउसला सुमारे दहावा हिस्साच श्रम पडले. आधी समजून घेतलेलं लवकर पाठ होतं, हे पालकांनी जरूर लक्षात ठेवावं.

त्याचं आणखी एक मोजमाप मला फार मोलाचं वाटतं. तीन दिवसांत विभागून केलेल्या ३८ आवर्तनांनी जे साधलं, त्याला एकाच दिवशी बसून ६८ आवर्तनं लागली.

हे ज्ञान बराच काळ ग्रंथालयात पडून होतं, कारण कुठली गोष्ट कुठल्या दिवशी विचारायची याचा हिशेब कोण ठेवणार? पोलंडमधल्या पोझनान शहरात पिओत्र वोझनियाक या विद्यार्थ्याने तो आधी कागदावर ठेवला आणि १९८७ साली 'सुपरमेमो' हा संगणक प्रोग्रॅम लिहिला. त्याची रीत साधी आहे. प्रश्न पहिल्यांदा एका दिवसाने विचारायचा, मग सहा दिवसांनी. त्यानंतर उत्तर येत गेलं तर दर वेळी अंतर अडीचपट, म्हणजे १५, ३८, ९४ दिवस. अवघड वाटलं तर हा गुणक कमी होतो, चुकलं तर पुन्हा एका दिवसापासून सुरुवात. हिशेब करून बघा: पाच महिन्यांत एक प्रश्न जेमतेम पाच वेळा समोर येतो. रोज सगळा धडा वाचण्यापेक्षा हे कितीतरी हलकं आहे.

याच रीतीवरून २००६ साली डेमियन एल्म्स यांनी 'अँकी' हे सॉफ्टवेअर केलं. संगणकावर आणि अँड्रॉइड फोनवर ते फुकट मिळतं, एका बाजूला प्रश्न आणि दुसऱ्या बाजूला उत्तर अशी कार्डं त्यात मराठीतही करता येतात.

कार्ड कसं असावं यावर सगळं अवलंबून आहे. 'भीमा नदीची माहिती सांगा' हे कार्ड वाया जातं. त्याची फोड करायची. भीमेचा उगम कुठे? भीमाशंकरला. इंद्रायणी तिला कुठे मिळते? तुळापूरला. नीरा? नरसिंहपूरला. भीमा शेवटी कोणत्या नदीला मिळते? कृष्णेला. एका कार्डावर एकच गोष्ट, आणि उत्तर तोंडाने म्हटल्याशिवाय कार्ड उलटायचं नाही. शिवाय आधी नकाशावर बोट फिरवून नदी बघितलेली असली पाहिजे. न समजलेल्या गोष्टीचं कार्ड करू नये, हा वोझनियाक यांच्या नियमांतला पहिलाच नियम आहे. १९९९ साली लिहिलेले त्यांचे वीस नियम आणि मायकेल नील्सन या शास्त्रज्ञाचा २०१८ चा दीर्घ लेख इंटरनेटवर मोफत वाचता येतात. इंग्रजी वाचणाऱ्या शिक्षकांनी ते वाचावेत, असा माझा आग्रह आहे.

दुसऱ्याने केलेली तयार कार्डं उतरवून घेण्याचा मोह मुलांना होतो. माझं मत त्याविरुद्ध आहे. कार्ड करताना धड्यातलं महत्त्वाचं काय हे निवडावं लागतं, आणि तो अर्धा अभ्यास असतो.

फोन द्यायचा नसेल तरी अडत नाही. सेबास्टियन लाइटनर या पत्रकाराने १९७२ साली पाच कप्प्यांचा खोका सुचवला होता. उत्तर आलं की चिठ्ठी पुढच्या कप्प्यात, चुकलं की थेट पहिल्यात. पहिला कप्पा रोज काढायचा, पुढचे अधिकाधिक अंतराने. जुन्या वह्यांची कोरी पानं आणि चपलांचा रिकामा खोका यावर हे होतं.

फक्त फेब्रुवारीत सुरू करू नका. दिवसांत अंतर पडायला दिवस हाताशी लागतात. शाळा जूनमध्ये उघडते, पहिल्या धड्याची कार्डं त्याच आठवड्यात करायला बसवा.