थायलंडमध्ये भाड्याची जमीन: तीस वर्षांच्या पुढचं धरू नका

थायलंडमध्ये परदेशी माणसाला जमीन विकत घेता येत नाही, हे आता बऱ्याच जणांना ठाऊक आहे. १९५४ चा तिथला जमीन कायदा तसं सांगतो, आणि त्यातले अपवाद छोट्या व्यावसायिकाच्या आवाक्यातले नाहीत. म्हणून फुकेत, कोह समुई, कोह फांगान, पट्टाया अशा ठिकाणी चार-सहा खोल्यांचं गेस्ट हाऊस, योगवर्ग किंवा भारतीय जेवणाचं हॉटेल काढू पाहणारे लोक भाडेपट्ट्याकडे वळतात. त्यात आपली माणसंही असतात. ‘विकत कुठे घ्यायची आहे, भाड्यानेच तर घ्यायची आहे’ या विचाराने ती निर्धास्त होतात आणि मला काळजी वाटते ती याच निर्धास्तपणाची. जमीन विकत घेताना माणूस दहा ठिकाणी चौकशी करतो. भाड्याने घेताना मात्र दलालाने पुढे सरकवलेल्या कागदावर सही करून मोकळा होतो आणि मग त्याच जमिनीवर बांधकामात सगळी पुंजी ओततो.

गैरसमज: ‘३० अधिक ३० अधिक ३०, म्हणजे ९० वर्षं बघायला नको’

जाहिरातीत हे गणित हमखास असतं. थायलंडच्या नागरी व व्यापारी संहितेचं कलम ५४० मात्र स्पष्ट आहे. स्थावर मालमत्तेचा भाडेपट्टा ३० वर्षांहून जास्त असू शकत नाही, आणि कागदावर जास्त मुदत लिहिली तरी ती ३० वरच येते. मुदत संपल्यावर नवा पट्टा करता येतो, पण तो नवा करार. तेव्हाच्या मालकाने तेव्हा मान्य केला आणि तेव्हा नोंदवला तरच.

मग आज करारात लिहिलेल्या ‘आणखी ३० वर्षं वाढवून देईन’ या वाक्याचं काय? ते मालकाने तुम्हाला दिलेलं वैयक्तिक वचन आहे. मालकाने जमीन दुसऱ्याला विकली, तर नोंदवलेला चालू पट्टा नव्या मालकाला पाळावा लागतो. कलम ५६९ तेवढं संरक्षण नक्की देतं. मुदतवाढीचं वचन मात्र नव्या मालकाला बांधत नाही. आज पन्नाशीत असलेला मालक पहिली मुदत संपताना ऐंशीचा असेल, आणि त्याच्या मुलांनी तुम्हाला ओळखही दाखवण्याची सक्ती नाही. २०२३ मध्ये थायलंडच्या सर्वोच्च न्यायालयाने अशाच एका प्रकरणात पहिल्या ३० वर्षांपुढच्या, आगाऊ सही करून घेतलेल्या मुदतवाढी कायद्याला बगल देणाऱ्या ठरवून अमान्य केल्या.

आपल्याकडे एमआयडीसीचा भूखंड ९५ वर्षांच्या पट्ट्याने मिळतो, त्यामुळे ‘लीज’ म्हटलं की दोन पिढ्यांचं काम झालं अशी आपली धारणा असते. तिला थायलंडमध्ये आधार नाही. २०२४ मध्ये तिथल्या सरकारने ९९ वर्षांच्या मुदतीचा अभ्यास करायला सांगितल्याच्या बातम्या आल्या आणि लगेच दलालांच्या तोंडी ‘आता ९९ होणारच’ हे वाक्य बसलं. अभ्यास म्हणजे कायदा नव्हे. व्यापार-उद्योगासाठी ५० वर्षांपर्यंतचा पट्टा देणारा १९९९ चा एक वेगळा कायदा आहे, पण त्याच्या अटी मोठ्या गुंतवणूकदारासाठी आहेत. ज्याच्याकडे रुपयांत ४०-५० लाख आहेत, त्याने ३० वर्षंच धरायची. त्यातही नोंदणी झाली असेल तेवढीच.

गैरसमज: ‘पागडी भरली, आता जागा आपलीच’

मुंबईकराची इथे हमखास गफलत होते. पट्टायात किंवा फुकेतच्या पातोंगमध्ये चालतं हॉटेल वा बार घ्यायचा तर आधीच्या भाडेकरूला किंवा मालकाला एकरकमी पैसे मोजावे लागतात. तिथे त्याला ‘की मनी’ म्हणतात. रीत ऐकताच आपल्याला पागडी आठवते. मुंबईतल्या पागडीच्या भाडेकरूला मात्र भाडेनियंत्रण कायद्याचं पाठबळ आहे. भाडं बेताचं, मालकाला सहजासहजी काढता येत नाही, घरातल्यांकडे हक्क जातो. थायलंडमध्ये की मनी देणाऱ्याला यातलं काहीही मिळत नाही. करारात लिहिलेली वर्षं संपली की कलम ५६४ प्रमाणे भाडेपट्टा आपोआप संपतो, नोटिशीचीही गरज नसते. मग मालक पुन्हा की मनी मागू शकतो, भाडं दुप्पट सांगू शकतो किंवा दुकान दुसऱ्याला देऊ शकतो.

अशा जागांचे करार बहुधा ३ वर्षांचे असतात, तेही विनाकारण नाही. कलम ५३८ नुसार ३ वर्षांहून जास्त मुदतीचा पट्टा लँड ऑफिसात नोंदवावा लागतो. नोंदवला नाही, तर कागदावर १० वर्षं लिहिलेली असली तरी न्यायालयात टिकतात ती ३ च. काही ठिकाणी ३ अधिक ३ अधिक ३ असे करार एकाच दिवशी सह्या करून हातात देतात. नोंदणी टाळण्यासाठी केलेली ही साखळी न्यायालयात पहिल्या ३ वर्षांपुढे टिकेल असं धरून चालू नये.

नोंदणी टाळण्याची ओढ मालकाला जास्त असते. संपूर्ण मुदतीच्या भाड्यावर १ टक्का नोंदणी शुल्क आणि ०.१ टक्का मुद्रांक शुल्क लागतं. महिना ५०,००० बाट भाडं आणि ३० वर्षांची मुदत धरली तर एकूण भाडं १ कोटी ८० लाख बाट होतं, आणि त्यावरचा खर्च १ लाख ९८ हजार बाट. शिवाय भाड्याचा खरा आकडा सरकारदरबारी दिसतो, म्हणजे मालकाच्या प्राप्तिकराचा प्रश्न येतो. म्हणून ‘आपल्यात विश्वास आहे, नोंदणी कशाला’ हे वाक्य गोड आवाजात येतं. माझं मत विचाराल तर हे वाक्य ऐकू आलं की त्या जागेचा नाद सोडावा. नोंदणीचा सगळा खर्च तुम्ही उचलतो म्हणालात आणि तरीही मालक तयार नसेल, तर त्याला तुम्ही मुदतभर तिथे राहायला नको आहात.

गैरसमज: ‘मालकाकडे कागद आहेत, आम्ही पाहिले’

कुठले कागद? सर्वात भक्कम दस्त म्हणजे चानोट. त्याच्या माथ्यावर लाल गरुडाची मुद्रा असते. आत प्लॉटचा आकार, कोपऱ्यांच्या दगडांचे क्रमांक आणि क्षेत्रफळ राय-ङान-वा या मापांत लिहिलेलं असतं. १-२-५० असं लिहिलं असेल तर १ राय म्हणजे १,६०० चौरस मीटर, २ ङान म्हणजे ८०० आणि ५० चौरस वा म्हणजे २००. मिळून २,६०० चौरस मीटर, आपल्या हिशोबात २६ गुंठ्यांना थोडी कमी. खरी गोष्ट कागदाच्या पाठीमागे असते. तिथल्या तक्त्यात प्रत्येक व्यवहार तारखेनिशी चढतो: विक्री, वारस, गहाण, भाडेपट्टा. आपल्या सातबाऱ्यात ‘इतर हक्क’ हा रकाना जे सांगतो, ते तिथे ही मागची बाजू सांगते. चानोटच्या दोन प्रती असतात, एक मालकाकडे आणि एक लँड ऑफिसात. मालकाने दाखवलेल्या झेरॉक्सवर न थांबता ऑफिसातल्या प्रतीशी ती ताडून घ्यायची. जमीन बँकेकडे गहाण असेल तर बँकेची लेखी संमती नसताना पट्टा करू नये. कर्ज थकलं आणि लिलाव झाला, तर तुमचा पट्टा बँकेच्या हक्कापुढे अडचणीत येतो.

हिरव्या आणि काळ्या गरुडाचे दस्त खालच्या दर्जाचे. त्याहून खाली ‘सोर पोर कोर ४-०१’ नावाची जमीन येते. ती जमीनसुधारणेत थाई शेतकऱ्याला कसण्यासाठी दिलेली असते, तिच्यावर परदेशी माणसाचं गेस्ट हाऊस बसूच शकत नाही. आणि काही वेळा समोर येते ती फक्त कर भरल्याची पावती. आपण घरपट्टीच्या पावतीवर कुणाची जमीन घेत नाही, तिथेही घेऊ नये. किनाऱ्यालगतच्या आणि डोंगरउतारावरच्या जागांबाबत जास्तच जपायला हवं. फुकेतच्या सिरिनात राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत अतिक्रमण ठरवून मोठमोठ्या रिसॉर्टांच्या जमिनींवरही सरकारने कारवाई केली आहे.

गैरसमज: ‘जमीन त्याची, पण बांधकाम आपलं’

आपोआप नाही. जमिनीला पक्कं जोडलेलं बांधकाम जमिनीचा भाग होतं, हा मूळ नियम. बांधकाम वेगळं आणि तुमच्या मालकीचं राहावं असं वाटत असेल तर पट्ट्याबरोबरच दुसऱ्याच्या जमिनीवर इमारत बाळगण्याचा स्वतंत्र हक्क लँड ऑफिसात नोंदवून घ्यावा लागतो. कलम १४१० त्यासाठीच आहे. बांधकाम परवानाही तुमच्या नावे हवा. ‘मुदत संपल्यावर सर्व बांधकाम मोबदल्याशिवाय मालकाचे’ असं एक कलम बहुतेक छापील करारांत असतं. ते वाचूनच किती पैसा विटांत घालायचा ते ठरवा.

गैरसमज: ‘जमीन मिळाली, म्हणजे धंद्याला मोकळे’

जमिनीचा पट्टा आणि धंद्याचा परवाना या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. १९९९ च्या परदेशी व्यवसाय कायद्यात हॉटेल चालवणं आणि खाद्य-पेय विक्री हे व्यवसाय परवान्याशिवाय परदेशी व्यक्तीला किंवा कंपनीला बंद आहेत. कंपनीतले निम्मे किंवा जास्त शेअर परदेशी माणसांकडे असतील तर कंपनी परदेशी. यावर दलालाचं उत्तर ठरलेलं: ५१ टक्के थाई नावांवर दाखवू, ते नुसते सह्यांपुरते. याच उत्तरात सर्वात मोठा धोका आहे. अशा नामधारी भागधारकांना आणि त्यांना उभं करणाऱ्याला कलम ३६ खाली ३ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाख ते १० लाख बाट दंड किंवा दोन्ही होऊ शकतं, आणि अलीकडे फुकेत-समुईकडच्या अशा कंपन्यांची तपासणी जोरात आहे. अमेरिकी लोकांना १९६६ च्या मैत्री करारामुळे बऱ्याच व्यवसायांत सवलत आहे. त्यांच्या सल्ल्यावर भारतीयाने विसंबू नये.

स्वतःच्या हॉटेलात काम करायलाही वर्क परमिट लागतं. केशकर्तन, थाई मसाज, टूर गाइड ही कामं तर थाई लोकांसाठीच राखीव आहेत. पाहुण्यांना दिवसाच्या भाड्याने खोल्या द्यायच्या तर हॉटेल कायदा आड येतो. २०२३ पासून ८ खोल्या आणि ३० पाहुण्यांपर्यंतच्या छोट्या निवासांना सूट आहे, पण त्यासाठीही नोंद करावी लागते.

गैरसमज: ‘आपल्यामागे मुलं चालवतील’

भाडेकरूचा मृत्यू झाला की पट्टा संपतो, असं तिथली न्यायालयं मानत आली आहेत. करारात काही नसेल तर नवऱ्याच्या नावावरच्या पट्ट्यावर बायकोला पाय ठेवायला जागा उरत नाही, दुःखाच्या त्या आठवड्यातही. म्हणून पती-पत्नी दोघांची नावं भाडेकरू म्हणून घालावीत, वारसांबाबतचं कलम लिहून घ्यावं. किंवा २०१९ च्या कायद्याने आलेला ‘सॅप-इंग-सित’ हा हक्क मिळतो का ते विचारावं. त्याचीही मुदत ३० वर्षांपर्यंतच, पण तो वारसाला जातो, विकता येतो, गहाण ठेवता येतो. चानोट असलेल्या जमिनीवर तो मालकाने नोंदवून द्यायचा असतो. बरेच मालक तयार होत नाहीत, पण विचारायला काहीच हरकत नाही.

करार थाई भाषेत नोंदवला जातो आणि वाद झाला तर थाई मजकूरच धरला जातो. त्यामुळे वकील तुमचा हवा. मालकाचा किंवा दलालाचा परिचित नको.

भारतातली बाजू लोक सर्वात शेवटी पाहतात, आणि खरं तर ती पहिली आहे. भारतात राहणाऱ्याने परदेशात ५ वर्षांपर्यंतचा पट्टा घेतला तर त्याला स्थावर मालमत्तेवरचं बंधन लागत नाही. त्याहून लांब पट्टा मालमत्ता खरेदीच्या नियमांत येतो आणि पैसे बँकेमार्फत, एका आर्थिक वर्षात माणशी २.५ लाख डॉलरच्या मर्यादेतच पाठवावे लागतात. थाई कंपनीत शेअर घेतले तर २०२२ चे परदेशी गुंतवणुकीचे नियम आणि त्यांचे अर्ज वेगळे. आपल्याकडेही भारतात न राहणाऱ्या परदेशी नागरिकाला रिझर्व्ह बँकेच्या परवानगीशिवाय ५ वर्षांपर्यंतचाच पट्टा घेता येतो, त्यामुळे थाई कायदा परक्यांशी फार वेगळं वागतो असं नाही. प्राप्तिकर विवरणपत्रातल्या परदेशी मालमत्तेच्या तक्त्यात पट्टा, तिथलं बँक खातं आणि कंपनीतले शेअर दाखवायला विसरू नका. न दाखवल्यास २०१५ च्या काळा पैसा कायद्याखाली १० लाख रुपये दंड होऊ शकतो, मग त्या वर्षी हॉटेलने एक रुपयाचा नफा केलेला नसला तरीही.