झेंडू मातीचं देणं फेडतो

देवासच्या टेकडीवर तुळजाभवानी आणि चामुंडा, दोघींनाही फुलांच्या माळा वाहतात. दसऱ्याला मराठी घरांत अवजारांना, गाड्यांना झेंडू लागतोच. मला या फुलाचं फार कौतुक, कारण ते शेतालाही देतं. त्याच्या मुळांतून अल्फा-टर्थाइनिल नावाचं द्रव्य झिरपतं, त्यानं मुळांवर गाठी आणणारे सूत्रकृमी कमी होतात. दोनेक महिने दाट झेंडू उभा राहिला की पुढच्या टोमॅटो-वांग्याला फायदा. तोडणी संपल्यावर झाडं जाळू नका, नांगरून गाडा. देवळातलं निर्माल्यही शेतात आणा. आधी दोरा, जरी, प्लास्टिक काढा, मग शेण आणि पालापाचोळ्याचे थर देऊन कुजवा. खत काळं, भुसभुशीत झालं की वाफ्यात घाला.