‘कंदिसा’: दिल्लीचा बँड, केरळची प्रार्थना

‘कंदिसा’ हा दिल्लीच्या ‘इंडियन ओशन’ या बँडचा दुसरा स्टुडिओ अल्बम. ‘टाइम्स म्युझिक’ने तो २००० साली बाजारात आणला. पहिला अल्बम १९९३चा. मधल्या काळात, १९९७ मध्ये, ‘डेझर्ट रेन’ हे मैफलीचं थेट ध्वनिमुद्रण निघालं होतं. ‘कंदिसा’त सुश्मित सेन गिटार, राहुल राम बास गिटार, असीम चक्रवर्ती तबला आणि अमित किलम ड्रम्स वाजवतात. गायनाची मुख्य धुरा असीम आणि राहुल यांच्याकडे.

भारतातले बरेचसे रॉक बँड तेव्हा इंग्रजीत गात आणि परदेशी गाणी हुबेहूब वाजवून टाळ्या घेत. इंडियन ओशनने ती वाट धरली नाही. त्यांच्याकडे तबला तोंडी लावण्यापुरता नसतो, ड्रम्सच्या बरोबरीने तो गाणं पेलतो. सुश्मितची गिटार सुरावट आलापासारखी सावकाश उलगडत नेते. गाणी लांबलचक आहेत. अख्ख्या अल्बमात ती सातच.

त्यातलं ‘मा रेवा’ हे नर्मदाकाठचं पारंपरिक गीत. राहुल राम नव्वदच्या दशकाच्या पूर्वार्धात नर्मदा बचाव आंदोलनात काम करत होते. सरदार सरोवराच्या पाण्यात महाराष्ट्रातलं मणिबेली बुडालं, त्याच लढ्याचा हा काळ. नदीची ही आळवणी अल्बममध्ये आली ती या नात्यातून, म्हणून ती उसनी वाटत नाही. ‘हिल्ले ले’चे शब्द गोरख पांडे या जनकवीचे.

सर्वाधिक गाजलं ते मात्र शीर्षकगीत. केरळच्या सीरियन ख्रिस्ती समाजाच्या उपासनेतली ही प्राचीन प्रार्थना आहे. तिची भाषा सुरियानी, म्हणजे अरामी भाषेचंच एक रूप; येशू ख्रिस्त अरामी बोलत असत, असं अभ्यासक मानतात. परमेश्वराच्या पावित्र्याचं हे स्तवन आहे. शब्द मोजकेच, तेच पुन्हा पुन्हा येतात. सुरुवात संथ, जवळजवळ कुजबुजल्यासारखी. मग एका आवाजावर दुसरा चढतो, तालवाद्यांचा जोर वाढतो आणि असीमचा धारदार आवाज साऱ्यांवरून निघून जातो. बँडने प्रार्थनेला नटवलं नाही, तिच्या पुनरावृत्तीतलीच ताकद वाढवत नेली. एका शब्दाचाही अर्थ ठाऊक नसलेले श्रोते हे गाणं मैफलीत बँडबरोबर गातात, याचं मोठं श्रेय या संयमाला आहे.

२००४च्या ‘ब्लॅक फ्रायडे’ चित्रपटातल्या ‘बंदे’ने बँडचं नाव आणखी दूरवर नेलं. डिसेंबर २००९मध्ये असीम चक्रवर्ती यांचं निधन झालं, २०१३मध्ये सुश्मित सेन बाहेर पडले. बँड आजही गातो. पण ‘कंदिसा’तली चौकडी ऐन भरात ऐकायची असेल, तर याच अल्बमपासून सुरुवात करावी.