मज्जारज्जूतून उपटलेली नस आणि जीन थेरपी

मी फिजिओथेरपिस्ट. परवा बाईकच्या अपघातातून वाचलेला एक तरुण आला. हाड जुळलं होतं, पण हात खांद्यापासून निर्जीव लोंबत होता. त्याचा एकच प्रश्न: "नस परत वाढते का?"

वाढते, पण दिवसाला जेमतेम 1 मिलिमीटर. मानेपासून बोटांपर्यंत पोचायला दोन वर्षं लागू शकतात. तोवर हाताचे स्नायू सुकतात.

अशा अपघातात कधीकधी नसेची मुळं मज्जारज्जूतूनच उपटली जातात. शस्त्रक्रियेने ती पुन्हा रोवता येतात, तरी बोटांची पकड क्वचितच परतते.

इथे जीन थेरपी येते. निरुपद्रवी केलेल्या विषाणूमार्फत जीडीएनएफ या वाढ-प्रथिनाचं जनुक नसेत सोडतात. सुरुवातीला यात मोठी अडचण आली. गुळाच्या ढेपेला मुंगळे चिकटावेत तसे वाढणारे नसेचे तंतू प्रथिनाच्या जागीच गुंतले, पुढे सरकेनात!

ॲमस्टरडॅमच्या योस्ट वरहाखेन यांच्या गटाने यावर काढलेला उपाय मला विलक्षण आवडतो. जनुकाला बटणच बसवलं! डॉक्सिसायक्लिन हे साधं अँटिबायोटिक दिलं की जनुक चालू, थांबवलं की बंद. शिवाय हे बटण रोगप्रतिकारशक्तीच्या नजरेत येत नाही. महिनाभराने बंद केल्यावर उंदरांमध्ये तंतू लांबवर वाढले. संशोधन 2019 मध्ये 'ब्रेन' या नियतकालिकात आलं.

हा उपचार अजून दवाखान्यात मिळत नाही. म्हणून हात लुळा पडला असेल तर वाट पाहू नका. पहिल्या काही महिन्यांतच नसांच्या सर्जनला दाखवा, व्यायाम सोडू नका.

काही विचारायचं असेल तर खाली लिहा, सवडीने नक्की उत्तर देईन.